मॅडमच्या नावाची सव्वा मूठ

आमच्या प्रमिलाअक्काला दुसऱ्याचं चांगलं बघवत नाही, असं पारोळ्यात आमच्या गल्लीतल्या बाया म्हणायच्या. मी तिची धाकटी जाऊ. चूल वेगळी, पण अंगण एक. त्या अंगणात तिच्याबरोबर माझं निम्मं आयुष्य गेलं, म्हणून सांगते, की ते खरं नव्हतं. दुसऱ्याचं सोनं, दुसऱ्याची नवी साडी, समोरच्यांचा टीव्ही, हे सगळं तिला छान बघवायचं. बघून यायची आणि मलाही बघायला पाठवायची. तिला बघवायचं नाही ते एकच. आपलं माणूस दुसऱ्याजवळ रमलेलं.

माणूसच कशाला, तिची एक बकरी होती. ती एकदा माझ्या हातून भाकरीचा तुकडा खाऊन गेली. अक्का ओट्यावरून बघत होती. "मन्ही बकरी तुना हातनं खास कशी?" म्हणाली, आणि मग किती दिवस माझ्याशी बोलली नाही. बकरीला मात्र त्या दिवसापासून गूळ मिळायला लागला. दुसऱ्यांदा असंच भरताचं झालं. थंडीचे दिवस, मी वांग्याचं भरीत केलं होतं, तिच्या घरी वाटीभर दिलं. जीवरामभाऊ, म्हणजे तिचे मालक, जेवताना बोलून गेले, की आज भरीत काय झालंय! तो हिवाळा संपेपर्यंत भाऊंना घरात भरीत मिळालं नाही. मागितलं की अक्का म्हणायची, "इतलं गोड लागस ते तठेच जेवत जा." भाऊ जिनिंगमध्ये वजनकाट्यावर होते. तिथं दिवसभर कापसाच्या गाड्यांशी हुज्जत घालायचे, पण घरी आल्यावर एक शब्द बोलायचे नाहीत.

अशा बाईला एकच मूल. तेही नवस-सायास करून झालेलं. कोकिळा.

कोकिळेला अक्कानं चुलीजवळ बसू दिलं नाही कधी. आमच्या गल्लीत बारा वर्षांची पोर भाकरी थापायची, पण कोकी पुस्तक घेऊन ओट्यावर आणि माय तिच्यासमोर ताट घेऊन. अक्काचे मांडे सगळ्या पारोळ्यात नावाजलेले. उलट्या घातलेल्या मातीच्या खापरावर ती हातभर लांब पुरणपोळी अशी पसरायची, की खालचं खापर दिसावं. लग्नाकार्याला तिला बोलवायचे. तिच्या दोन्ही कोपरांवर चटक्यांचे डाग होते. ती ते डाग दाखवून म्हणायची, कोकीच्या हातावर असा एक डाग पडू देणार नाही. पोरीनंही तिचं नाव राखलं. बारावीला तालुक्यात पहिली आली आणि जळगावला कॉलेजात गेली, बी.एस्सी.ला.

त्या कॉलेजात एक नवीनच गोष्ट सुरू झाली होती. गुणवंत वर्ग म्हणायचे त्याला. विद्यापीठ तेव्हा नवंनवं झालेलं, सगळीकडेच काहीतरी नवीन चालू होतं. पहिल्या सहामाहीच्या परीक्षेत जी मुलं वर आली, त्यांची आणखी एक परीक्षा घेतली, मग तोंडी प्रश्न विचारले, आणि सगळ्या कॉलेजातून मोजकी मुलं निवडली. त्यांचे तास वेगळे, रविवारी. वाचनालयात त्यांचं टेबल वेगळं. दुसऱ्यांना दोन पुस्तकं घरी मिळायची, यांना हवी तितकी. पाठ्यपुस्तकात नसलेलं शिकवायचे. प्रत्येकानं एक विषय घेऊन दोन वर्षं त्याचा अभ्यास करायचा, आणि प्रत्येक मुलाला एक प्राध्यापक नेमून दिलेला. मुलाचं बरंवाईट त्यानं बघायचं.

कोकीचं नाव त्यात आलं. अक्कानं गल्लीभर पेढे वाटले. माझ्या घरी दोनदा वाटले, कारण पहिल्या वेळी माझे मालक ड्यूटीवर होते. ते एसटीत कंडक्टर, पारोळा-जळगाव गाडीवर. मी माझ्या पेढ्यातला अर्धा देवासमोर ठेवला. वाटलं, आपल्या अंगणातली पोर कुठल्या कुठे जाणार.

अक्काला तेव्हा ठाऊक नव्हतं, की पेढ्यांबरोबर घरात कोण आलंय.

कोकीला नेमून दिलेल्या होत्या सुनंदा मॅडम. वनस्पतिशास्त्र शिकवायच्या. सांगलीकडच्या, लग्न न केलेल्या, पन्नाशीजवळच्या. कॉलेजजवळ दोन खोल्या घेऊन एकट्या राहायच्या. कोकी पहिल्या सुट्टीला घरी आली ती तोंडात मॅडमचं नाव घेऊनच. मॅडम म्हणतात, चहात साखर कमी घ्यावी. मॅडम म्हणतात, डोक्याला रोज तेल नको. मॅडम म्हणतात, रात्रीपेक्षा पहाटेचं वाचन चांगलं. घड्याळ मनगटाच्या आतल्या बाजूला बांधायला लागली, कारण मॅडम तसं बांधतात. आणि बोलणं! घरात आम्ही सगळे अहिराणी बोलायचो, कोकीही. आता ती 'शे' सोडून 'आहे' म्हणायला लागली.

"माय, भाजी तिखट आहे."

"आहे का?" अक्का म्हणाली. "काल परोन ते तिखट शे व्हती."

मी हसले. कोकीही हसली. अक्का हसली नाही.

"ती तुले तठे काय खावाडस?"

"रविवारी तास लांबला की मॅडमकडेच जेवतो आम्ही. वरणभात, कधी थालीपीठ."

"वरणभातवर पोर जगस का?" अक्का मला म्हणाली, जसं काही वरणभात मीच रांधला होता. दुसऱ्या दिवसापासून डबे सुरू झाले. शेवभाजी, कळण्याची भाकरी, ठेचा, लाडू. डबा बांधून माझ्या मालकांच्या गाडीत द्यायची, आणि ते जळगाव स्टँडवर कोकीच्या हाती द्यायचे. मालक म्हणायचे, "वहिनी, गाडीमा पॅशिंजरले जागा ठेवा थोडी." पण डबा रविवारीच पाठवायची, तासाच्या आधी पोचेल असा. म्हणजे मॅडमच्या घरी जेवायची वेळ आली, की पोरीचं पोट भरलेलं असावं.

तिसऱ्या-चौथ्या आठवड्याला कोकीनं निरोप धाडला. माय, डबा दुप्पट पाठव. मॅडमना तुझा ठेचा फार आवडला.

त्या दिवशी अक्कानं ठेच्याचा खल पालथा घातला तो श्रावण येईतो सरळ केला नाही.

पुढे कोकीनं अभ्यासाचा विषय घेतला, सातपुड्याच्या पायथ्याला उगवणाऱ्या वनस्पती. वर्गाची मुलं चोपड्याकडे, शिरपूरकडे जायची, पानं-फुलं आणायची. ती वर्तमानपत्राच्या कागदात दाबून वाळवायची. कोकीनं एक गठ्ठा घरी आणून ठेवला, की यावर वजन हवं. अक्कानं तो आपल्या गादीखाली घातला आणि पंधरवडाभर त्यावर झोपली. मॅडमनी ती पानं बघून शाबासकी दिली, इतकी सपाट कुणाचीच झाली नव्हती. कोकीनं हौसेनं घरी सांगितलं. अक्का म्हणाली, "पाठ मन्ही मोडी, आन शाबासकी देवाले ती." पुढचा गठ्ठा मात्र तिनं परत मागून घेतला. दुसऱ्या कुणाच्या गादीखाली जाऊ नये म्हणून.

थंडीत मॅडमनी कोकीला स्वेटर विणून दिला. निळा, पुढे बटणांचा. अक्कानं तो हातात घेतला, उलटा करून बघितला, टाके मोजावेत तसा बघितला. मग कडुनिंबाचा पाला घालून ट्रंकेत तळाशी ठेवला. का, तर कसर लागू नये. पोर शालीत कुडकुडत परत जळगावला गेली. मी म्हटलं, "अक्का, अंगात घालायला दिला होता ना तो?" ती माझ्याकडे वळली. डोळ्यांत पाणी होतं. तेव्हा मला कळलं, की ही गंमत राहिलेली नाही. तिला भीती बसली होती. एवढ्या वर्षांनी, एवढ्या नवसांनी आलेली पोर ती बाई वरच्यावर घेऊन चाललीय, आणि घेऊन चालली आहे चांगुलपणानं. वाईटपणानं नेली असती तर अक्का भांडली असती. चांगुलपणाशी कसं भांडायचं, ते तिला माहीत नव्हतं.

एकदाच दोघींची भेट झाली होती, कॉलेजच्या दारात. मॅडम हसून म्हणाल्या होत्या, "आमच्या कोकिळेच्या आई ना तुम्ही?" परतीच्या गाडीत एरंडोल येईपर्यंत अक्का एकच वाक्य पुन्हापुन्हा म्हणत होती. "आमनी कोकिळा म्हने. आमनी? कव्हापाईन?"

मग श्रावण आला आणि कानबाई आली.

आमच्या खानदेशात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते. नारळाला मुखवटा, नथ, दागिने घालून चौरंगावर मांडतो, रात्रभर जागवतो, आणि सोमवारी वाजतगाजत नदीवर नेऊन पोचवतो. मुंबई-सुरतेला गेलेला भाऊही त्या दिवशी घरी येतो. कारण कानबाईचे रोट. घरातल्या एकेका माणसाचं नाव घ्यायचं आणि त्याच्या नावानं सव्वा मूठ गहू काढायचे. ते गहू दळून त्याचे जाडसर रोट करायचे, सोबत खीर आणि गंगाफळाची, म्हणजे लाल भोपळ्याची, भाजी. हे रोट घरच्यांनीच खायचे. शेजाऱ्याला द्यायचे नाहीत, पाहुण्याला वाढायचे नाहीत, लग्न करून गेलेल्या लेकीलाही नाहीत, कारण ती दुसऱ्या घरची झाली. पौर्णिमेच्या आत संपवायचे. आमच्या सासूबाई नर्मदाबाई, त्यांना आम्ही मोठ्याबाई म्हणायचो, हे सगळं फार कडक पाळायच्या.

त्या वर्षी नेमका त्याच रविवारी गुणवंत वर्गाचा मोठा कार्यक्रम आला. बाहेरगावचे प्राध्यापक येणार, मुलांनी आपापला अभ्यास त्यांच्यापुढे मांडायचा, आणि जो मांडणार नाही त्याची वर्गातली जागा जाणार. कोकीचा निरोप आला, की मी कानबाईला येत नाही.

जन्मल्यापासून पोरगी कानबाईला घरात नाही असं झालं नव्हतं. जीवरामभाऊ म्हणाले, "शिक्षण शे, जाऊ दे." अक्कानं त्यांच्याकडे असं बघितलं, की ते पायात चपला घालून बाहेरच गेले.

मोठ्याबाईंनी सुपात गहू घेतले आणि एकेक नाव घ्यायला लागल्या. कोकीचं नाव आलं तेव्हा अक्कानं त्यांचा हात थांबवला आणि स्वतःच्या मुठीनं काढले. मूठ अशी भरली, की बोटांतून दाणे सांडत होते. दुसऱ्या दिवशी कानबाई पोचवून आलो, सगळ्यांनी रोट खाल्ले, आणि कोकीच्या वाट्याचे तसेच राहिले.

मंगळवारी सकाळी बघते तर अक्का नवी साडी नेसून, रोट पांढऱ्या फडक्यात बांधून उभी.

"रोट घरनाबाहेर नेतस नही, प्रमिला," मोठ्याबाई म्हणाल्या. "पोर घर ऊनी ते खाई. नही ते गायले."

"पोर घर नही येस, ते मी घर तिनापान ली जास." एवढं बोलून ती माझ्याकडे वळली. "चाल वं. माले स्टँडना पुढे जळगाव समजत नही."

मी कानबाईच्या चौरंगाच्या रिकाम्या जागेला हात जोडले आणि निघाले. मोठ्याबाईंच्या तोंडाकडे मी बघितलं नाही.

वसतिगृहात कोकी नव्हती. तिथल्या मुलीनं सांगितलं, ती आठवडाभर सुनंदा मॅडमच्या घरीच आहे. अक्कानं फडकं या हातातून त्या हातात घेतलं. विचारत विचारत आम्ही मॅडमचं घर गाठलं.

दार उघडंच होतं. आत मॅडम खुर्चीवर, उजवा हात प्लॅस्टरमध्ये गळ्यात अडकवलेला. आणि ओट्याजवळ कोकी भाकरी थापत होती. आमची कोकी. जिच्या हातावर चटका पडू द्यायचा नाही म्हणून अक्कानं पोटाच्या पोरीला परातीला हात लावू दिला नव्हता, ती तव्यावरची भाकरी बोटांनी उलटत होती. चांगली गोल भाकरी. कुणी शिकवली कोण जाणे.

"माय!" कोकी पिठाच्या हातांनी धावली. मॅडम पायऱ्यांवर घसरल्या होत्या, तशाच हातानं त्यांनी कार्यक्रम पार पाडला होता, कोकीचा अभ्यास सगळ्यांत चांगला ठरला होता, हे सगळं तिनं एका दमात सांगितलं. अक्कानं त्यातलं काही ऐकलं नाही. ती पोरीची बोटं बघत होती.

"अहो, बसा ना," मॅडम म्हणाल्या. "तुमच्या लेकीनं माझं फार केलं. हात मोडल्यापासून तीच माझी आई."

घ्या. मी मनात देवीचं नाव घेतलं.

अक्का बसली. फडकं सोडून रोट ताटलीत ठेवले आणि कोकीला म्हणाली, "हातपाय धुई ये. मंग खा." कोकी मागच्या नळावर गेली. नळाला पाणी आलं होतं, तिथं बायांची गर्दी, जरा वेळ लागला.

आता मॅडम सांगलीकडच्या. त्यांना कानबाई कुठली माहीत? त्यांना एवढंच कळलं, की लेकीची आई इतक्या लांबून काहीतरी करून घेऊन आलीय, ताटली आपल्यासमोर ठेवलीय, आणि आपण हात न लावता बसलोय. चांगल्या घरची बाई अशा वेळी काय करेल? त्यांनी डावा हात पुढे केला, "डावा हात आहे, राग मानू नका" म्हणाल्या, रोटाचा तुकडा मोडला, कपाळाला लावला आणि खाल्ला.

"छान आहे हो. वेलची घातलीय का?"

अक्का मोडलेल्या रोटाकडे बघत राहिली. मीही. दारात कोकी ओल्या पायांनी उभी होती.

"मॅडम! तो रोट शे! कानबाईना रोट शे तो!"

मॅडमसमोर ती अहिराणी बोललेली मी पहिल्यांदाच ऐकली. मॅडम घाबरल्या. "काय झालं? विटलेला होता का?"

कोकीनं समजावून सांगितलं. मॅडमचा चेहरा पडला. त्या उठून अक्काजवळ आल्या. "मला खरंच माहीत नव्हतं. आता काय करायचं असतं? मी काही करू शकते का? उपवास वगैरे?" अक्का म्हणाली, "काही नही." मग कोकीनं खाली बसून उरलेला रोट खाल्ला. अक्का तिच्यासमोर बसून शेवटचा घास जाईपर्यंत बघत राहिली. ताटली स्वतः धुतली, फडकं घडी केलं आणि आम्ही निघालो.

गाडीत अक्का खिडकीशी बसली. मला वाटलं, आता देवीच्या कोपाचं बोलेल. एरंडोल गेल्यावर बोलली.

"कितला मोठा तुकडा मोडा तिनी. दखं का तू?"

घरी मोठ्याबाईंना सांगायचं कोणी, हा प्रश्न होता. लपवता आलं असतं. पण कानबाईच्या बाबतीत आमच्या घरात खोटं बोलायची कुणाची छाती नव्हती. अक्कानंच सांगितलं, मान खाली घालून. मोठ्याबाई माळ ओढत होत्या. माळ पूर्ण झाली तेव्हा बोलल्या.

"खादा ना तिनी?"

"खादा."

"कानबाईना रोट घरनंच माणूस खास. तिनी खादा, म्हणजे ती घरनी झायी. पुढला सालले तिना नावना गहू काढ."

"मोठ्याबाई!"

"तुले कोन सांगेल व्हतं बाहेर लयी जावाले? आते कानबाईनी तिले घरमा लिधी, तू कोन काढनारी?"

अक्का अंगणात येऊन तुळशीजवळ बसली. "पोर बी तिनी," मला म्हणाली, "आन आते कानबाई बी तिनी का वं?" रडली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. मला मोठ्याबाईंचं पटलं होतं, पण ते बोलायची ती वेळ नव्हती.

पुढचे काही महिने अक्का मॅडमच्या बदलीची वाट बघत राहिली. देवळात जाऊन काय मागायची ते मी विचारलं नाही. पण बदली झाली नाही, आणि हळूहळू अक्काच्या एक गोष्ट ध्यानात आली. मॅडम घरची झाली म्हणजे एकट्या मॅडमचाच हक्क आला असं नाही. आपलाही आला. बाहेरच्या प्राध्यापिकेला काही सांगता येत नाही. घरच्या बाईला सांगता येतं.

मग निरोप सुरू झाले. माझ्या मालकांच्या तोंडी. मॅडमला सांगा, हाताला तिळाचं तेल लावा. मॅडमला सांगा, पोरीला पहाटे उठवू नका, तिला सर्दीची खोड आहे. मॅडमला सांगा, ठेचा पाठवलाय, अर्धा पोरीला ठेवा. मालक कपाळाला हात लावायचे. "मी तिकिटं फाडू का तुमना निरोप सांगू?" पण सांगायचे. मॅडम सगळं ऐकून घ्यायच्या आणि उलट निरोप द्यायच्या, हो म्हणून. एवढं हो म्हणणारी बाई अक्काला तोवर भेटलेली नव्हती. तिला त्याचाही जरा रागच यायचा.

शेवटी निरोप गेला, की औंदा कानबाईच्या रविवारी तास ठेवायचा नाही, आणि ज्यांच्या नावाचे गहू निघतात त्यांनी घरी हजर राहायचं असतं. दोघींनी.

मॅडम आल्या. गुणवंत वर्ग त्या आठवड्यात शनिवारी झाला. मोठ्याबाई सूप घेऊन बसल्या, आम्ही सगळे गोल. नावं निघाली. माझ्या मालकांचं, माझं, मुलांचं. मग मोठ्याबाई थांबल्या. "हाई सुनंदा. कोन म्हनीसन काढू हिले? कोन लागस ती?"

सगळे अक्काकडे बघायला लागले. मॅडम अक्कापेक्षा चार-सहा वर्षांनी मोठ्याच असतील. पण मोठी केली, तर तिचं ऐकावं लागेल. बहीण केली, तर कोकीची मावशी झाली, आणि मावशीवर पोरी जीव टाकतात. अक्कानं चांगला विचार केला.

"जाऊ," ती म्हणाली. "धाकली."

मॅडमनी लगेच डोक्यावरून पदर घेतला आणि वाकून अक्काला नमस्कार केला. अक्कानं मूठ भरली. इतकी घट्ट आवळली, की त्यात गहू मावले किती, देव जाणे.

"सव्वा, वं प्रमिला," मोठ्याबाई म्हणाल्या. "पाव ऱ्हायनी."

अक्कानं चिमूटभर आणखी टाकले.

खरं सांगायचं तर त्या दिवशी माझंही मन थाऱ्यावर नव्हतं. इतकी वर्षं त्या घरात धाकटी जाऊ मी एकटीच होते. अक्कानं मॅडमना खापराजवळ बसवलं, मांडे कसे पसरायचे ते दाखवायला लागली, "कोपर वर, सुनंदा, कोपर वर," आणि मी आपली गंगाफळ चिरत होते. मला तिनं खापराजवळ बसवायला किती वर्षं लावली होती! मॅडमच्या कोपराला चटका बसला तेव्हा मी गंगाफळाच्या फोडी जरा बारीकच केल्या. रात्री जागरणात कानबाईकडे बघताना मला वाटलं, ती मुखवट्याआडून हसतेय.

कोकी बी.एस्सी.ला विद्यापीठात वर आली. गुणवंत वर्गातल्या मुलांना पुण्याला एम.एस्सी.ला घेतलं, तिलाही. मॅडमनीच अर्ज, चौकशी सगळं केलं. अक्का स्टँडवर पोचवायला आली तेव्हा तिनं ट्रंकेतला निळा स्वेटर काढून आणला होता. कोकीच्या अंगात घातला, बटणं लावली. उन्हाळा होता. कोकीनं काढला नाही.

पुढच्या श्रावणात कोकी पुण्याहून आली, मॅडम जळगावहून. सोमवारी आम्ही कानबाई पोचवून आलो, रोट वाढले. अक्का आणि मॅडम शेजारी शेजारी बसल्या होत्या, कोकी त्यांच्या समोर. पोरगी खुशीत होती. चहात आता मुळीच साखर नको म्हणाली होती सकाळी. घड्याळ मनगटाच्या वरच्या बाजूला आलं होतं.

"आमचे सर म्हणतात," कोकी म्हणाली, "सातपुड्याचं काम आता बाजूला ठेव. त्यात फार काही नाही. सर म्हणतात, खरं काम पश्चिम घाटात आहे."

मॅडमचा घास हातातच राहिला.

"त्यात फार काही नाही?" त्या हळूच म्हणाल्या.

"सर म्हणतात तसं. सरांच्या घरी दर शनिवारी सगळे जमतो आम्ही. सरांच्या आई इतका छान मसालेभात करतात!"

अक्कानं मॅडमकडे बघितलं. मॅडमनी अक्काकडे. मी वाढत होते, मला दोघींची तोंडं दिसत होती. एकीचं दुसरीला लावावं इतकी सारखी.

अक्कानं पुढे होऊन कोकीच्या ताटात आणखी अर्धा रोट ठेवला. मग मॅडमच्याही.

"ऐकं का, सुनंदा?"

"ऐकतेय, अक्का."

"त्या सरले आपला रोट चाखू देवाना नही."

"नाही द्यायचा," मॅडम म्हणाल्या, आणि रोटाचा भला मोठा तुकडा मोडला.